मामांची बरणी, भाच्याची पेटी

जासईत कुणाच्या पडवीत साप निघाला की पहिला फोन मामांना जातो. मामांची उभी नोकरी कंटेनर यार्डात गेली. साप धरणं हा त्यांचा बिनपगारी उद्योग, आणि निवृत्तीनंतर तो जरा जास्तच वाढला आहे. त्यांचा भाचा उलव्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. त्याच्याकडेही साप आहे, पण पाळलेला. बॉल पायथन या आफ्रिकी जातीची मादी, परदेशी निघालेल्या मित्राकडून रीतसर नोंद करून घेतलेली. आली तेव्हा दोन फुटांची होती. आता साडेतीन फुटांच्या पुढे गेली आहे आणि तीन फुटी पेटी तिला अपुरी पडते. नवी चार फुटी पेटी करायची तर उलव्यात जागा नाही, शिवाय घरमालकाला अजून पत्ता नाही. म्हणून भाच्याचा डोळा मामांच्या जासईतल्या माडीवर आहे.

मामांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण मामा नुसतं नाही म्हणून थांबणारे नव्हेत आणि भाचा ऐकून गप्प बसणारा नव्हे. ओटीवर चाललेली ही जुंपाजुंपी जमेल तशी उतरवली आहे. मधे नाक खुपसलंय ते माझं.

मामा : सापाला घर लागतं, मान्य. पण ते त्यानं स्वतः शोधलेलं. सुताराकडून करून घेतलेल्या खोक्याला घर म्हणू नकोस.

भाचा : ती जन्मलीच खोक्यात, मामा. तिच्या आईनं तरी आफ्रिका पाहिली असेल की नाही कोण जाणे. रानातून पकडून आणलेला साप आणि पाळलेल्या सापाच्या अंड्यातून निघालेला साप यांत काही फरक कराल की नाही?

मामा : करेन ना. पण ती अंड्यातून कुणाच्या घरी निघाली, हे तुला कुणी सांगितलं? त्या मित्रानं. त्याला कुणी सांगितलं? विकणाऱ्यानं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर काय सापडलं होतं, आठवतं? बँकॉकहून आलेल्या माणसाच्या बॅगेत बिस्किटं नि केकच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. आणि २०२५ च्या जूनच्या सुरुवातीला त्याच विमानतळावर चाळीसच्या वर विषारी घोणसवर्गी साप. तू चार फुटी पेटीच्या गप्पा मारतोस. त्या सापांचं पहिलं घर बिस्किटाचा पुडा होतं.

भाचा : माझी नोंदणी आहे. परिवेशवर आहे. कागद दाखवू?

मामा : कागद तुझ्या नावाचा आहे. तिच्या आईच्या नावाचा दाखव.

भाचा इथे गप्प बसला. मामांचा हा मुद्दा मला बिनतोड वाटतो, म्हणून कायद्याचं थोडं सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले देशी साप घरी पाळता येत नाहीत, मग हौस कितीही असो. नाग, घोणस, धामण, अजगर आणि ओढ्यातली बिनविषारी दिवडसुद्धा २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. परदेशी सापांची तऱ्हा वेगळी. ज्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि त्यात बॉल पायथन येतो, त्या बाळगणाऱ्यानं सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायची, असे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. नवा प्राणी हाती आला तर तीस दिवसांत नोंद. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवायचं. या नोंदीतून साप कुणाकडे आहे ते कळतं. तो कुठून आला, हे मात्र पहिल्या मालकानं जेवढं सांगितलं तेवढंच.

भाचा : बरं, समजा तुमचं सगळं खरं. आता ती माझ्याकडे आहे. रानात सोडता येत नाही.

मामा : सोडलीस तर मीच तुझ्यावर तक्रार करेन. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत काय झालंय ते वाचलंयस ना? ब्रह्मदेशी अजगराची हातभर पिल्लं लोकांनी हौसेनं घेतली. वर्षभरात ती सहा-सात फुटांची झाली. पेटीत मावेनात, घरात मावेनात. मग काहींनी नेऊन सोडली, काही सुटली. आता तिथले ससे, रॅकून दिसेनासे झालेत. २०१२ मध्ये आयात बंद केली, पण बैल गेला आणि झोपा केला.

भाचा : बॉल पायथन तेवढा होत नाही. मादी चार-साडेचार फूट, फार तर पाच. नर तीन-साडेतीन फुटांतच आटोपतो. पिल्लू दीड फुटाचं, साठ-सत्तर ग्रॅमचं असतं. पहिली दोन-तीन वर्षं झपाट्यानं वाढतं, मग सावकाश. म्हणून तर लोक हीच जात घेतात.

मामा : आणि जगते किती?

भाचा : वीस-तीस वर्षं.

मामा : सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीनं २०२० मध्ये अंडी घातली. वय साठीच्या पुढे. तू पेटीची लांबी विचारतोस, मी तुझ्या भाडेकराराची विचारतोय. अकरा महिन्यांचा ना?

हा टोला बसला. पण भाचाही जासईच्या मातीतला. उठला, माडीच्या जिन्याखाली ठेवलेली मामांची प्लास्टिकची बरणी उचलून ओटीवर आणून ठेवली. झाकणाला तापलेल्या सळईनं पाडलेली भोकं, तळाशी चुरगळलेला कागद. आदल्या रात्री तीत गव्हाण फाट्याकडच्या एका गोदामातली धामण होती.

भाचा : सहा फुटांची धामण, बरणी फुटभर उंचीची. हे कुठलं घर?

मामा : ते घर नव्हे. ती एका रात्रीची सोय. वनखात्याला कळवलं, सकाळी सोडली.

भाचा : सोय म्हणा, काहीही म्हणा. आत ती वेटोळं करूनच होती ना? मग माझी तीन फुटी पेटी कोठडी आणि तुमची बरणी सोय?

मामा : वेळेचा फरक आहे. चेन्नईजवळ वडनेम्मेलीत इरुळा लोकांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. लस बनवायला विष काढतात. नाग, घोणस, मण्यार, फुरसं मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडाला फडकं बांधून. मडकं गार राहतं, अंधार राहतो, आत सापाच्या अंगाला चारी बाजूंनी टेकायला मिळतं. तीनेक आठवडे. त्यात चार वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची, सोडून द्यायचा. तेवढ्या मुदतीला मडकं चालतं. जन्मभरासाठी नाही.

भाचा : शिराळ्यातही मडकीच होती की.

मामा : होती. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या आधी धरलेले नाग गाडग्यात ठेवायचे, पोसायचे, मिरवायचे, मग सोडायचे. लोक म्हणायचे आम्ही देव म्हणून ठेवतो. न्यायालयानं बंद केलं ते. तुम्ही पाळीव म्हणून ठेवता. सापाला दोन्ही सारखंच.

भाचा : सारखं कसं? मडक्यात गरम बाजू, गार बाजू असते? सापाच्या रक्ताला स्वतःची ऊब नाही. उंदीर पचवायचा तर ऊब हवी, नंतर थंडावा हवा. माझ्या पेटीत एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६. मधे तिनं हवं तिथं बसावं. पेटी मोठी का हवी, तर त्यासाठी. लहान खोक्यात अख्खं खोकं तापतं नाहीतर अख्खं गार राहतं. पळायला जागाच नसते.

मामांनी इथे मान हलवली. होकार होता की ‘बोल पुढे’, कळलं नाही.

सापाच्या पेटीबद्दल पाळणाऱ्यांमध्येच दोन तट आहेत. अमेरिकेतले पैदास करणारे कपाटाच्या खणांसारख्या प्लास्टिकच्या टबांत साप ठेवतात, एकावर एक. त्यांचं म्हणणं, बॉल पायथन उंदरांच्या बिळांत नि वारुळांत राहणारा साप, त्याला मोकळी जागा मिळाली की तो घाबरतो आणि खाणं सोडतो. म्हणून पिल्लाला आधी लहान खोकं, मग जरा मोठं, मग त्याहून मोठं. दुसरा तट म्हणतो, घाबरवते ती जागा नव्हे, तिचा उघडेपणा. मोठ्या पेटीत पालापाचोळा, झाडाची सालं, दोन-तीन दडणी भरपूर ठेवा, पिल्लूसुद्धा निवांत राहतं. मला दुसरी बाजू पटते. नायजेरियातल्या बॉल पायथनांच्या अभ्यासात नर झाडांवर चढताना, पक्षी खाताना आढळले होते, तेव्हा ‘बिळातला साप’ ही अर्धीच गोष्ट. २०१९ मध्ये काही संशोधकांनी प्राणिसंग्रहालयांतल्या पासष्ट सापांवर नजर ठेवली. त्यांतले सदतीस टक्के साप कधी ना कधी सरळ किंवा जवळजवळ सरळ ताणून पडले. साप वेटोळ्यातच सुखी असतो, असं सांगून छोटी खोकी विकणाऱ्यांना हे गैरसोयीचं आहे.

मामा : मग ती सरळ झाली तर तुझ्या चार फुटी पेटीत मावेल?

भाचा : तिरकी मावते. चार बाय दोनची पेटी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेचार फूट भरते.

मामा : वा! आणि पाच फुटांची झाली म्हणजे?

भाचा : होईलच असं नाही.

मामा : मोजतोस कशी? कातेवरून?

भाचा : कातेवरून नाही, मामा. कात ताणलेली असते, सापापेक्षा लांब भरते. ती काचेच्या कडेनं सरपटते तेव्हा वरून फोटो काढतो, शेजारी पट्टी ठेवून. मग मोबाइलवर दोऱ्यानं मापतो.

मामा : हे बरं करतोस. पोरं कात हातात धरून नऊ फुटांचा नाग म्हणून पेपरात देतात.

पेटीच्या मापाची सरकारी व्यवस्था पाहायची तर जर्मनीत १९९७ पासून सापाच्या लांबीच्या पटीत किमान लांबी, रुंदी, उंची सांगणारी मार्गदर्शक मापं आहेत. आपल्याकडे माप सुताराच्या मर्जीवर आणि फ्लॅटच्या भिंतीवर.

भाचा : आता मुद्द्यावर येऊ. माडी द्याल का?

मामा : माडीवर पत्रा आहे. मेमध्ये वर जाऊन बस दुपारी दोनला. तुझी गार बाजू कुठून आणशील? सगळ्या पुस्तकांत पेटी गरम कशी ठेवावी ते लिहिलंय, कारण ती थंड देशांत लिहिलीत. जासईत प्रश्न गार ठेवण्याचा आहे. डिसेंबरच्या रात्री पारा उतरतो तेवढेच दिवस तुझी हीटिंग मॅट कामाची. तीही थर्मोस्टॅटशिवाय लावलीस तर पोट भाजेल तिचं, सापाला खालून भाजलेलं लवकर कळत नाही.

भाचा : थर्मोस्टॅट आहे.

मामा : आणि पावसाळा? जुलैत इथं भिंतीतून पाणी झिरपतं. तू खाली काय घालतोस?

भाचा : कोकोपीट.

मामा : जून ते सप्टेंबर ओल राहिली की त्याला बुरशी. मग पोटाच्या खवल्यांना फोड, नाहीतर छातीत सर्दी. तोंड उघडं टाकून श्वास घेणारा साप पाहिलायस? मी पाहिलाय, कंटेनरमध्ये ओल्या पुठ्ठ्यांखाली आठवडाभर अडकलेली घोणस. उन्हाळ्यात शिंपड, पावसाळ्यात कोरडं घाल आणि हवा जायला दोन्ही बाजूंना जाळी ठेव.

एव्हाना ‘सापाला खोकं नकोच’ म्हणणारा माणूस खोक्याची जाळी कुठे बसवायची ते सांगू लागला होता. भाच्यानं ते हेरलं, पण शहाणपणानं बोलला नाही. मामाच पुढे सरसावले.

मामा : एमडीएफ वापरू नकोस. आपल्या पावसात पावासारखा फुगतो. मरीन प्लाय घे, आतून सांधे सिलिकॉननं बुजव आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत टाकू नकोस. दार समोरून, वरून नको. वरून हात आला की त्याला घार आल्यासारखंच वाटतं. सरकत्या काचा, आणि कुलूप. दडणी दोन, एक गरम बाजूला, एक गार. आणि तिला बरोबर बसेल एवढीच घट्ट. भलं मोठं मडकं उपडं घालून ठेवलंस तर ती त्यात शिरणार नाही.

भाचा : जुनी दडणी आणि थोडं जुनं कोकोपीट नव्या पेटीत नेणार आहे, वास ओळखीचा राहावा म्हणून. हलवल्यावर आठवडाभर खायला द्यायचं नाही.

मामा : आणि खाल्ल्यावर दोन दिवस हलवायचं नाही. ओकेल.

भाचा : एवढं सगळं सांगताय, मग जागा द्यायला काय हरकत आहे?

मामा : हरकत ही की मी ज्या सापांना धरतो त्यांना कुणी जागा देत नाही. इथं सगळी भातखाचरं होती, बांध होते, पलीकडे मिठागरं, खाडी. बांधात बिळं, बिळांत उंदीर, उंदरांमागं धामण. आता दोन-दोन पुरुष मुरमाचा भराव पडतो, बिळं माणसाला कळायच्या आत बुजतात. वाचलेले साप गोदामात येतात, घरात येतात. लोक मला बोलावतात नि म्हणतात, लांब नेऊन सोडा. लांब कुठं? लांब सोडलेल्या सापाला तिथलं पाणी माहीत नाही, बीळ माहीत नाही, तो भटकतो आणि रस्त्यावर चिरडतो. १९८४ च्या जानेवारीत गेलेल्या जमिनींसाठी आपण दि. बा. पाटलांच्या मागं रस्त्यावर उतरलो, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठं पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पडली. धामणीला किती टक्के मिळाले? आणि तू आफ्रिकेच्या सापासाठी मरीन प्लायचा बंगला बांधतोयस.

भाचा : मामा, बंगला मी बांधला नाही म्हणून बांध परत येणार आहेत का? उलट माझ्या पेटीसमोर बसून सोसायटीतल्या चार पोरांची भीती गेली. परवा पार्किंगमध्ये कवड्या निघाला तर त्यांनी काठी घेतली नाही, तुम्हाला फोन केला. पुण्यात निलीमकुमार खैरे १९८० मध्ये बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत बसले होते, ते तरी कशासाठी? साप उगाच चावत नाही, हे लोकांना दिसावं म्हणूनच ना? पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान झालं. तिथंही पेट्याच आहेत.

मामा : कात्रजला डॉक्टर आहे, नोकर आहेत, सरकारची देखरेख आहे. तुझ्याकडे कोण आहे? तू दुबईला बदलून गेलास की कोण?

भाचा : तुम्ही.

मामा मोठ्यानं हसले, पण उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर दोघांच्या भांडणातला खरा तिढा हाच. साप कुणी पाळावा की पाळू नये यावर मी मामांच्या बाजूचा आहे, विशेषतः जिथं मूळ कुठलं ते सांगता येत नाही तिथं. पण जो साप पेटीत आहेच त्याच्यापुरतं बोलायचं तर भाच्याचं चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. तो दर वेळी सापाच्या आजच्या लांबीला पुरेशी पेटी करतो. दोन फुटांची होती तेव्हा तीन फुटी, आता चार फुटी, पुढे आणखी. प्रत्येक वेळी खर्च, प्रत्येक वेळी हलवाहलव, आणि जागा कधीच वाढत नाही. शेवटच्या पेटीला भिंत आहे का, हे पिल्लू घरात यायच्या आधीच पाहायला हवं होतं.

मामांनी आत जाऊन टेप आणली.

मामा : माडी नाहीच. खालची मागची खोली बघ. उत्तरेची भिंत, ऊन येत नाही, मेमध्येही फरशी गार. करायचीच तर सहा फुटी कर, दोन खोल, दोन उंच. तिरकीबिरकी मापं मला सांगू नकोस, पाच फुटांची झाली तरी सरळ पडली पाहिजे.

भाचा : सहा फुटी तिथं बसेल?

मामा : भिंत सात फुटांची आहे. कणगी हलवली तर बसेल.

मामी : (आतून) कणगी हलणार नाही. वर्षाचा तांदूळ आहे त्यात. आणि त्या सापाला खायला काय घालतो हा?

भाचा : पांढरे उंदीर, मामी. गोठवलेले. कोमट पाण्यात सोडून द्यायचे. माझ्या उलव्याच्या फ्रिजमध्येच असतात.

मामी : ते तिथंच राहू देत. इथं नाय आणायचे.

मामा : म्हणजे दर पंधरा दिवसांनी तू उलव्याहून उंदीर घेऊन येणार.

भाचा : दहा-बारा दिवसांनी. येईन. पण मग कणगीचं काय? चार फुटी केली तर ती न हलवता बसते.

मामा : चार फुटी करायची असेल तर उलव्यातच ठेव आणि घरमालकाला सांग.